म्हातारं माणूस पडलं किंवा पडायला घाबरतंय? आधी काय करायचं, नंतर काय, ते क्रमाने

घरातलं मोठं माणूस एकदा पडलं की बहुतेक घरांत पुढचे चार दिवस ठरल्यासारखे जातात. मुलगा ऑनलाइन काठी मागवतो, सून बाथरूममध्ये रबरी मॅट टाकते, मुलगी फोनवरून "आता एकटीने अजिबात उठायचं नाहीस" असा दम भरते, आणि आईला खुर्चीत बसवून ठेवतात. सगळं मायेपोटीच असतं. पण मी फिजिओथेरपीसाठी परळ, लालबाग, दादर या भागात घरोघरी जाते आणि मला बहुतेक वेळा दोन महिन्यांनी बोलावतात, तेव्हा पडण्याने जे बिघडलं नव्हतं ते बसून राहण्याने बिघडलेलं असतं. मांड्या सुकलेल्या, उठताना पाय लटपटतात, संडासपर्यंतही भिंत चाचपडत जायचं. मग त्या पुन्हा पडतात आणि घरचे म्हणतात, बघा, सांगत होतो ना.

करायच्या गोष्टी थोड्याफार सगळ्यांना माहीत असतात, पण क्रम चुकतो. काठी पहिल्या दिवशी येते आणि पडण्याचं कारण कधीच शोधलं जात नाही. म्हणून खाली दिलंय त्या ओळीनेच जा, मधली पायरी गाळू नका.

तयारी: एक वही, एक पिशवी, एक खुर्ची

वही कुठलीही चालेल. पिशवीत घरातली त्यांची सगळी औषधं भरा, सगळी म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेली, केमिस्टकडून परस्पर आणलेली सर्दीची गोळी, शेजारच्या काकूंनी "मला फरक पडला" म्हणून दिलेली झोपेची गोळी, काढे आणि चूर्णं पण. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी घ्या, पाठ असलेली, चाकं नसलेली, आणि ती भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची मोल्डेड खुर्ची यासाठी नको, लादीवर जोर दिला की तिचे पाय फाकतात.

बोलण्याची सुरुवात ओरडण्याने करू नका. एकदा ओरडा बसला की पुढचं पडणं लपवलं जातं. कोपरावरचा निळा डाग पदराखाली झाकून "कुठे काय, दाराला लागलं" म्हणणाऱ्या आज्या मी खूप बघितल्यात. एका आजींनी मला सरळ सांगितलं होतं, "ताई, पडायची भीती नाही गं, पडल्याचं कळलं की हे मला कोंडून ठेवतील त्याची भीती आहे."

१. नेमकं काय झालं ते शोधा

"पाय घसरला" इथे सगळे थांबतात, तुम्ही थांबू नका. वहीत लिहा: किती वाजता, कुठे, उठताना की वळताना की चालताना, हातात काय होतं, पायात काय होतं, जेवण झालं होतं का, आधी डोळ्यांपुढे अंधारी आली का, आणि पडल्याचा क्षण त्यांना आठवतोय का. दोन-तीनदा पडल्या असतील तर प्रत्येक वेळचं वेगळं लिहा. नुसतं ओळीने लिहिल्यावरच कळतं की प्रत्येक वेळी पहाटेच पडल्यात, किंवा प्रत्येक वेळी बेडवरून उठल्यावर दोन पावलांतच.

अजून पडल्या नसतील तर तीनच प्रश्न विचारा. गेल्या वर्षात पडलात का? उभं राहताना, चालताना तोल गेल्यासारखं वाटतं का? पडायची काळजी वाटते का? एकाला जरी हो आलं तरी पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यांच्यासाठी आहेत.

सावधान: पडताना शुद्ध गेली होती, छातीत धडधड झाली होती किंवा पडल्याचं आठवतच नाही, तर लादीला दोष देत बसू नका, हृदयाचे ठोके तपासायला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. तसंच ठीकठाक माणूस अचानक आठवड्यात दोन-तीनदा पडायला लागलं आणि बोलण्यात गोंधळ दिसतोय तर त्यामागे लघवीचं इन्फेक्शन, कमी झालेली शुगर किंवा सोडियम असू शकतं, तिथेही वाट बघायची नाही.

२. पिशवी घेऊन डॉक्टरकडे जा

घरात खिळा ठोकण्याआधी हे करा. डॉक्टरांना एकच वाक्य सांगायचं, "या पडल्या आहेत, यातल्या कुठल्या औषधाने तोल जातो ते बघाल का?" झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, बीपीच्या, लघवी जास्त होण्याच्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्या, शुगर फार खाली नेणाऱ्या गोळ्या, यांच्याकडे आधी बघितलं जातं. पण स्वतःहून एकही गोळी बंद करू नका, झोपेची तर नाहीच, ती एकदम थांबवली तर वेगळाच त्रास होतो.

बीपी तीनदा मोजून घ्या. आधी ५ मिनिटं आडवं पडून, मग उभं राहिल्यावर १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उठल्या-उठल्या तोल का जातो ते कळलं. घरी मोजणार असाल तर मागे खुर्ची ठेवा आणि एक माणूस शेजारी. सगळे बसलेलं असताना बीपी मोजतात, ते नॉर्मल येतं आणि विषय संपतो, ही नेहमीची चूक.

डोळे तपासा, मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लांबवू नका. दूरचा-जवळचा एकत्र नंबर असलेल्या चष्म्यातून जिना उतरताना पायरी धूसर दिसते, त्यासाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा लागतो का ते विचारा. पायाला मुंग्या, बधिरपणा असेल तर बी१२ तपासायला सांगा, शाकाहारी घरांत आणि बरीच वर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत हे कमी असतं. व्हिटॅमिन डी पण विचारून घ्या.

तपासा: रात्री संडासला उठायला नको म्हणून त्या दिवसभर पाणीच कमी पितात का? हे फार घरांत चालतं आणि त्याने बीपी अजून उतरतं. दिवसा पुरेसं प्या, संध्याकाळनंतर कमी करा, हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच.

३. घर बघा, पण रात्री बघा

लोक दुपारी उजेडात घर बघतात आणि सगळं ठीक वाटतं. रात्री दोन वाजता, त्यांच्याच स्लिपर घालून, त्यांच्या बेडपासून संडासपर्यंत चालून बघा. पहिलं काम त्याच वाटेचं, बाकी घर नंतर.

बेडवर बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. नाइट लॅम्प वाटेवर खाली लावा, लाइटचं बटण झोपून हाताला येईल असं. चार्जरची वायर, टीव्हीची वायर, पायपुसणं, दुमडलेली चटई, पॅसेजमधले पाण्याचे ड्रम, हे सगळं वाटेतून काढा. पायपुसणं ठेवायचंच असेल तर खाली रबर असलेलं, कडा न उचलणारं.

एका खोलीच्या घरात हे अवघड असतं ते मला माहितेय. रात्री अंथरुणं पसरली की आजीला नातवंडांचे पाय ओलांडत दारापर्यंत जावं लागतं. तिथे उपाय जागा बदलण्याचा, त्यांचं अंथरूण किंवा दिवाण दाराच्या, मोरीच्या बाजूला आणा, बाकीचे आत झोपा. संडास गॅलरीच्या टोकाला सामायिक असेल तर रात्रीपुरती कमोडची खुर्ची घरात ठेवा. लाज वाटते म्हणून पहिल्यांदा नको म्हणतात, पडदा लावून दिला की वापरतात.

बाथरूमला वेळ द्या, कारण इथल्या चुका खूप आहेत:

टॉवेलची दांडी हा आधार नाही, ती वजनाने उपटून येते. व्हॅक्यूमने चिकटणारे हँडल पण ओल्या लादीवर निसटतात. ग्रॅब बार भिंतीत ड्रिल करून पक्काच लागतो. आणि तो प्लंबरच्या सोयीने लावू नका, त्यांना कमोडवर बसवा, उठायला सांगा, हात आपोआप जिथे जातो तिथे पेन्सिलने खूण करा, बार तिथेच.

बुटक्या स्टुलावर किंवा पाटावर बसून आंघोळ बंद, उठतानाच तोल जातो. उंच, पायाला रबर असलेली आंघोळीची खुर्ची घ्या आणि बादली दुसऱ्या स्टुलावर ठेवा म्हणजे वाकायला नको. अंगाला तेल लावून आंघोळ असेल तर तळपायाला तेल लावायचं नाही. कपडे बाहेर येऊन, बसून घालायचे.

आत कडी लावू नका. लावायचीच असेल तर बाहेरून उघडता येणारं लॉक बसवा. दार आत उघडणारं असेल तर बघा, माणूस दारामागे पडलं की ते दार उघडतच नाही, सुताराकडून ते बाहेर उघडणारं करून घ्या. बाथरूमच्या उंबरठ्याच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवा, एक-दीड इंचाची ती उतरण म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाही.

पायात काय? मागे पट्टा असलेली, पातळ पण न घसरणाऱ्या तळाची चप्पल. नुसते मोजे घालून लादीवर चालणं सगळ्यात वाईट. गाऊन, लुंगी, साडी घोट्याच्या वर हवी. आणि किचनमध्ये रोजचे डबे कंबर ते खांदा या उंचीत आणा, स्टुलावर चढायची गरजच ठेवू नका.

सावधान: पाणी पहाटे येतं तिथे पाणी भरायचं काम त्यांच्याकडून काढा. झोपेतून उठून घाईत, अंधारात, हातात भरलेली बादली आणि खाली ओली लादी, सगळे धोके एकाच वेळी येतात. पण त्याबदल्यात उभं राहून करायचं दुसरं काम द्या, बसून करायचं नको, नाहीतर आपण परत बसवून ठेवण्यावरच येतो.

४. पायात ताकद आणा

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते आणि पडणं कमी करण्यात हिचाच वाटा मोठा आहे. नुसतं "रोज चाला" म्हणून भागत नाही, तोल कच्चा असताना चालणंच वाढवलं तर धोका वाढू शकतो. आधी ताकद आणि तोल, मग अंतर.

सुरुवातीला मोजा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसवा, हात छातीवर आडवे, ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं. ७० ते ७४ वयात बाईंना १० पेक्षा कमी आणि पुरुषांना १२ पेक्षा कमी जमलं तर पायात ताकद कमी आहे, ८० ते ८४ ला हाच आकडा ९ आणि १० धरा. मग तोल बघा: एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, एका रेषेत, १० सेकंद उभं राहता येतं का. तुम्ही हात लांब करून शेजारी उभे राहा, न धरता. आकडे तारखेसह वहीत लिहा.

व्यायाम किचनच्या ओट्याला धरून करा, ओटा हलत नाही आणि बरोबर उंचीचा असतो. खुर्चीतून उठणं-बसणं, टाचा वर उचलणं, बोटं वर उचलणं, पाय बाजूला नेणं, ओट्याच्या कडेने आडवं चालणं, शेवटी टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालणं. प्रत्येक ८-१० वेळा, आठवड्यातून किमान ३ दिवस, अर्धा तास. न्यूझीलंडमध्ये तयार झालेला ओटॅगो प्रोग्राम याच धर्तीवर आहे, फिजिओला त्या नावाने विचारलं तरी कळेल. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या हॉस्पिटलांत फिजिओथेरपी विभाग आहे, एकदा तिथे बघून घ्या आणि पुढचं घरी करा.

आधार कमी करत न्या. पहिल्यांदा दोन हात, मग एक, मग फक्त बोटं टेकवलेली. वर्षभर दोन्ही हातांनी घट्ट धरूनच केलं तर तोल सुधारत नाही, ही चूक मनापासून व्यायाम करणाऱ्या घरांतही दिसते. आणि पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, दोन-तीन महिने द्या.

काठी आता आणा. मनगटाच्या सुरकुतीपर्यंत उंची, बूट घालून मोजलेली. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात.

थांबवा: व्यायामात छातीत दुखलं, चक्कर आली, दम न बोलता येण्याइतका लागला तर तिथेच बसवा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.

५. पडल्यावर उठायचं कसं, ते आधीच शिकवा

घरात हा विषय काढला की "अशुभ बोलू नका" म्हणतात. पण उठता येतं हे माहीत असलेलं माणूस निम्मं कमी घाबरतं, म्हणून हे भीतीच्या कामाआधी घ्यायचं. गुडघे फार खराब नसतील तर गादीवर सराव करा, दोन माणसं जवळ ठेवून.

क्रम असा. पडल्यावर लगेच उठायचं नाही, पडून राहून श्वास घ्यायचा, कुठे दुखतंय बघायचं. कुशीवर वळायचं. कोपरावर, मग हातांवर जोर देऊन हात-गुडघ्यांवर यायचं, गुडघ्याखाली उशी किंवा घडी घातलेली चादर. रांगत भक्कम खुर्ची किंवा दिवाणाजवळ जायचं. दोन्ही हात त्यावर, चांगला पाय पुढे, तळवा सपाट टेकवून. जोर देऊन उठायचं, वळायचं, बसायचं. मग थोडा वेळ तिथेच.

मदत करणाऱ्याने खुर्ची पुढे आणायची, दुसरी मागे सरकवायची, बस. बगलेत हात घालून किंवा दंड धरून ओढायचं नाही, त्यांचा खांदा जातो आणि तुमची कंबर.

उठताच येत नसेल तर ओल्या जागेतून सरकून बाजूला व्हायचं, हाताला लागेल त्याने लादीवर ठोकायचं, हाक मारायची. फोन गळ्यातल्या पाऊचमध्ये ठेवायची सवय लावा, टेबलावरचा फोन पडलेल्या माणसाच्या कामाचा नाही. सेफ्टी डोअरची जादा चावी शेजारी द्या.

उचलू नका, १०८ ला फोन करा: कंबरेत किंवा जांघेत दुखतंय आणि पायावर भार देता येत नाही, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय, मान दुखतेय, एका बाजूची ताकद गेलीय, बोलणं अडखळतंय, उलटी किंवा गुंगी आहे. डोक्याला मार लागलाय आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे तर छान बोलत असले तरी हॉस्पिटल. "मुका मार आहे" म्हणून तेल लावून चोळू नका, शेकत बसू नका. खुब्याचं हाड मोडलेलं माणूस कधीकधी चार पावलं चालतं सुद्धा, म्हणून चालले म्हणजे मोडलं नाही असं समजू नका. डोक्याच्या मारानंतर दोन-तीन आठवड्यांनी विसराळूपणा, झोपाळूपणा, चालण्यात फरक दिसला तर पडल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

६. भीती: शिडी करा आणि एकेक पायरी चढवा

"काही होत नाही, घाबरू नका" याने कुणाची भीती गेलेली मी बघितली नाही. भीती करून बघण्याने जाते, पण थोडी थोडी, आणि आधीच्या पाच पायऱ्या झाल्यावर.

पहिला प्रश्न: पडल्यापासून काय काय करायचं सोडलंत? देवळात जाणं, भाजी आणणं, गॅलरीत उभं राहणं, एकटीने आंघोळ, सगळं वहीत लिहा. प्रत्येकासमोर ० ते १० मध्ये किती भीती वाटते ते त्यांनाच ठरवू द्या. त्यातलं एक त्यांच्या मनातलं ध्येय निवडा, तुमच्या मनातलं नको. मग भीती ३-४ असलेल्या गोष्टीपासून सुरुवात.

दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्या आजींना गणपतीत खाली आरतीला जायचंय असं धरा. शिडी अशी होईल: दार उघडून जिन्याच्या तोंडाशी उभं राहणं. गॅलरीत टोकापर्यंत जाऊन येणं. तीन पायऱ्या उतरून परत. एक जिना उतरून वर. खाली जाऊन खुर्चीत बसून वर. गेटपर्यंत. दुपारच्या शांत वेळी नाक्यावरच्या भाजीवालीपर्यंत. मग आरती, पण पहिल्या दिवशी गर्दी व्हायच्या आधी जाऊन कडेची खुर्ची धरून. एक पायरी रोज करायची, भीतीचा आकडा २ पर्यंत उतरला की पुढची. कुणाला तीन दिवस लागतात, कुणाला तीन आठवडे, घाई नको.

जिन्यात चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. एक हात कठड्यावर. मदतनीस नेहमी खालच्या बाजूला, म्हणजे चढताना मागे, उतरताना एक पायरी पुढे. सपाटीवर तुम्ही त्यांचा हात धरू नका, तुमचं वाकवलेलं कोपर त्यांना धरू द्या. मग कोपरही हळूहळू सोडायचं: आधी शेजारी, मग दोन पावलं मागे, मग दारात उभं राहून बघणं.

या चुका टाळा: मागून हाक मारणं, चालताना प्रश्न विचारणं, "सावकाश, सावकाश" असं सतत म्हणणं (त्याने अंग आखडतं आणि आखडलेलं अंग लवकर पडतं). नजर पायाकडे नको, चार-पाच पावलं पुढे हवी. बेल वाजली, फोन वाजला तर वाजू दे, हे घरातल्या सगळ्यांनी ठरवून त्यांना सांगा.

एखाद्या दिवशी परत घाबरल्या तर एकच पायरी खाली या, पहिल्यापासून सुरू करू नका. दोन महिने करूनही दारापर्यंत यायला तयार नाहीत, रडू येतं, झोप-जेवण उडालंय, तर डिप्रेशन असू शकतं, डॉक्टरांशी बोला.

७. बाहेर आणि पावसाळ्यात

छत्री एका हातात आणि काठी दुसऱ्या हातात म्हणजे कठड्याला हातच उरत नाही. काठी वापरणाऱ्यांनी पावसात रेनकोट आणि तिरकी लटकवायची पर्स, बस. बिल्डिंगच्या दाराशी पावसात गोणपाट नाहीतर पुठ्ठा टाकतात, त्यावर पाय टाकू नका, आणि सोसायटीला सांगून तिथे जाड रबरी मॅट टाकायला लावा, जिन्यातले गेलेले बल्ब पण त्याच वेळी सांगा. पेव्हर ब्लॉक हललेल्या फुटपाथवर पाय पूर्ण उचलून टाकायचा.

बेस्टची बस पूर्ण थांबल्याशिवाय पाय उचलायचा नाही, आणि आत आल्यावर बसेपर्यंत दांडी सोडायची नाही. स्टेशनवर लिफ्ट असेल तर लिफ्टच, सरकता जिना सुरुवातीला नको. गर्दीची लोकल ही या शिडीची शेवटची पायरी, नाही जमली तरी चालेल.

८. परत कधी तपासायचं

दर तीन महिन्यांनी खुर्चीची आणि तोलाची चाचणी, वहीत जुन्या आकड्याशेजारी नवा आकडा. नवीन गोळी सुरू झाली, हॉस्पिटलमधून घरी आल्या, ताप येऊन गेला, घर बदललं, की पायरी १ पासून पुन्हा. काठीच्या टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं की लगेच बदला, आणि जूनच्या आधी एकदा चपलांचे तळ उलटे करून बघा. मदतीची माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आहे, अ‍ॅम्ब्युलन्ससाठी मात्र १०८, दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत लिहून बेडच्या उंचीवर चिकटवा, भिंतीवर वर लावलेला कागद खाली पडलेल्या माणसाला वाचता येत नाही.